टेकडीवरील डबाशोध

गेल्या डिसेंबरांत, नाताळच्या सुट्टीपूर्वीच्या शनिवारीं, नववीच्या अठ्ठावीस मुलामुलींस घेऊन आम्ही पुण्याच्या वेताळ टेकडीवर गेलों होतों. त्या दिवशीं घडलेल्या एका प्रकाराविषयीं एका पालकांनीं आम्हांस तक्रारीचें पत्र लिहिलें. ती तक्रार कितपत रास्त आहे याचा विचार सर्वच पालकांपुढें व्हावा असें वाटल्यावरून, त्यांच्या अनुमतीनें, हा लेख लिहीत आहों.

प्रथम खेळ कोणता तें सांगितलें पाहिजे. त्यास जिओकॅशिंग म्हणतात. आमच्या मुलांनीं ‘डबाशोध’ असें सुटसुटीत नांव दिलें आहे. रानांत एक डबा लपवावयाचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इतरांस कळवावयाचे, आणि त्यांनीं उपग्रहांच्या साहाय्यानें तेथें पोंचून डब्यांतील वहींत आपलें नांव लिहावयाचें. याचें एक वडील भावंड इंग्लंडांत आहे. डार्टमूरच्या माळावर क्रॅनमीयर पूल या आडबाजूच्या दलदलीच्या जागीं १८५४ सालीं जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें एक बाटली ठेविली, आणि तेथवर पायपीट केलेले प्रवासी तींत आपल्या नांवाचें कार्ड टाकूं लागले. आजचा खेळ मात्र २००० सालचा. तोंपर्यंत अमेरिकन सरकार उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम दोष मिसळीत असे, व त्यामुळें सामान्य माणसाच्या यंत्राची शंभर मीटरपर्यंतही चूक होई. २ मे २००० रोजीं तो दोष काढून टाकण्यांत आला; आणि दुसऱ्याच दिवशीं ऑरेगन राज्यांत डेव्ह उल्मर या गृहस्थांनीं रानांत एक बादली अर्धवट पुरून तिचें स्थान जगास कळविलें. बादलींत वही-पेन्सिलीबरोबर एक गलोल व घेवड्याच्या दाण्यांचा डबाही होता!

आम्हीं योजिलेला प्रकार टप्प्याटप्प्यांचा होता. एका डब्यांत प्रश्न असावयाचा, व त्याच्या उत्तरांतून पुढील डब्याच्या स्थानांतला एक अंक निघावयाचा. असे चार डबे. वनखात्याची लेखी परवानगी घेतली होती. शहराजवळ बेवारस डबा दिसला म्हणजे लोक घाबरतात, आणि तें योग्यच आहे. म्हणून डबे पारदर्शक होते, त्यांवर शाळेचें नांव होतें, व त्याच सायंकाळीं ते काढूनही आणिले. टेकडीवरील जुन्या दगडाच्या खाणीच्या बाजूस एकही टप्पा ठेविला नव्हता. प्रत्येक तुकडींत सात मुलें, एक मोबाईल व एक शिक्षक. मोबाईलांतील सिमकार्डें मात्र आम्हीं काढून घेतलीं होतीं. त्यावांचून जागा कशी कळणार, असें पुष्कळांनीं विचारलें. पण या कामीं यंत्र नुसतें ऐकत असतें. सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह बोलत असतात, आणि त्यांपैकीं चौघांचें बोलणें नीट ऐकूं आलें कीं यंत्रास आपलें स्थान काढतां येतें. शिक्षकांस नियम असा कीं, धोका नसेल तोंवर तोंड उघडावयाचें नाहीं.

दुसऱ्या डब्यांतील प्रश्न होता: ‘समोरच्या झाडास पानें किती?’ झाड पळसाचें होतें. ‘पळसाला पानें तीनच’ ही म्हण आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परीक्षेपुरती पाठ आहे. पळस मात्र अठ्ठाविसांपैकीं बहुतेकांनीं त्या दिवशीं प्रथमच पाहिला. आम्ही ज्या तुकडीबरोबर होतों तींतील एका मुलानें फांदी वांकवून बराच वेळ निरखली आणि म्हटलें, “एका देठावर तीन दिसतात तीं पानें नव्हेत, पर्णिका आहेत. संयुक्त पान आहे. म्हणून उत्तर एक.” बाकीच्यांनीं मान डोलाविली व तुकडी निघाली.

आतां अक्षांशाची एक कला, म्हणजे एक मिनिट, जमिनीवर सुमारें १,८५० मीटर भरते. तिच्या पहिल्या दशांशस्थळीं तीनाच्या जागीं एक मांडला तर माणूस ३७० मीटर दक्षिणेस जातो. वहींत हा फरक एका लहानशा अंकाचा असतो. टेकडीवर तो वाळलेलें गवत, कुसळें आणि दहा वाजतांचें ऊन होऊन पायांखालीं येतो. पोरांनीं तेथें दगड उलटेपालटे केले, एकमेकांस दोष दिला, दोघीजणी रुसून बसल्या. आम्ही गप्प होतों. दीड तास गेला.

पत्र याविषयींच आहे. “वर्गांत मुलगा चुकला तर आपण लगेच सांगतां. मग डोंगरावर, माझें पोर उन्हांत भटकत असतां, आपण बरोबर असूनही कां सांगितलें नाहीं?” असें ते विचारतात.

खरें सांगावयाचें तर, वर्गांत आम्ही फार लवकर सांगतों असेंच आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. तेथें चुकीवर तांबडी रेघ पडते आणि मूल पुढील उदाहरणाकडे वळतें. चूक कोठून शिरली याचा माग काढण्याचें त्यास कारणच उरत नाहीं. घरींही तेंच. प्रश्न पडला कीं उत्तर मोबाईलांत तयार असतें, व शंका मनांत मुरावयास पाव घटकाही मिळत नाहीं. टेकडीवर त्या मुलांस आपल्याच पावलांवरून मागें जावें लागलें. आणि हें यंत्रही शेवटीं फार दूर नेत नाहीं: उघड्यावर पांचएक मीटरपर्यंत आणून सोडतें, कातळाजवळ संकेत आपटून परत फिरल्यामुळें त्याहूनही अधिक चुकतें. तेथून पुढें डोळे लागतात.

तथापि पत्रलेखकांचें म्हणणें दोन बाबतींत आम्हांस मान्य केलेंच पाहिजे. पाणी कमी पडलें, आणि उशीर होईल हें घरीं कळविलें नव्हतें. ही आमची हयगय. दुसरी गोष्ट अधिक लाजेची. तो मुलगा चुकला नव्हता. वनस्पतिशास्त्राप्रमाणें त्याचें उत्तर अगदीं बरोबर होतें, आणि आमचा प्रश्न ढिला होता. हें आम्हांस त्या झाडाखालींच उमगलें होतें. तरीही आम्ही नियमाच्या आड दडून बसलों. मुलाच्या चुकीपुढें गप्प राहणें निराळें आणि स्वतःच्या चुकीपुढें गप्प राहणें निराळें, हा भेद तेव्हां आम्हीं केला नाहीं. त्या मुलाची क्षमा सोमवारीं वर्गांत सर्वांसमक्ष मागितली.

तुकडीनें मार्ग कसा काढला तेंही ऐकण्याजोगें आहे. रुसलेल्यांपैकीं एक मुलगी अखेर उठून म्हणाली, “प्रश्न विज्ञानाच्या सरांनीं काढला असता तर एक. पण हें अक्षर मराठीच्या सरांचें आहे. तीन घाला!” साडेबारा वाजतां चौथ्या डब्यांतील वहींत सर्वांत शेवटीं त्यांचीं सात नांवें पडलीं. पहिल्या आलेल्या तुकडीस आम्हीं बक्षीस लावलें होतें, तेंही चुकलेंच. त्या पोरांनीं पळस धड पाहिलाही नाहीं, म्हण आठवून तीन लिहिले आणि धांवत सुटलीं.

यंदा प्रश्न ‘एका देठावर पर्णिका किती?’ असा घातला आहे, पाण्याचे डबे दुप्पट घेतले आहेत, आणि परतण्याची वेळ दोन वाजतांची कळविली आहे. पत्रलेखक पालकांनीं स्वतः एका तुकडीबरोबर येण्याची इच्छा दर्शविली आहे. गप्प राहण्याचा नियम त्यांस आम्हीं लेखी पाठविला असून, त्यावर त्यांची सहीही आली आहे.