हरवलेला बोल्ट आणि इंजिनाचा पंचनामा

वाघोली हें आमचें गांव पुणें-नगर रस्त्यावरचें. सन २०२१ मध्यें तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत गेलें. रस्त्याच्या दोहों बाजूंस इमारती उभ्या राहिल्या आणि कित्येक विहिरी बुजल्या. तथापि जुन्या बागाइतदारांच्या गोठ्यांत एक वस्तु अद्यापि जतन केलेली आढळते, ती म्हणजे वाडवडिलांची जीपगाडी. विलीज जातीच्या या गाड्या महिंद्र कंपनीनें मुंबईंत जुळविण्यास आरंभ केला. पुढें त्यांनींच आमच्या भागांतील बीं-बियाणें, पेंड आणि पाहुणे वाहिले. हल्लीं अशा गाडीचें इंजिन उकलून नव्यानें बांधण्याची हौस तरुण मंडळींत वाढली आहे. हौस स्तुत्य आहे. परंतु या कामीं एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीची जी हेळसांड होते, तिजविषयीं चार शब्द लिहिणें मला अवश्य वाटतें. ती गोष्ट म्हणजे हरवलेला बोल्ट.

प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं नटबोल्टांचा एक डबा असतो. त्यांत विहिरीवरील जुन्या ऑइल इंजिनाचे, नांगराचे आणि ट्रॅक्टरचे बोल्ट सुखानें एकत्र नांदत असतात. इंजिन बांधतांना एखादा बोल्ट कमी पडला कीं मिस्त्री डब्यांतून त्याच जाडीचा उचलतो, दोन फेरे फिरवून पाहतो आणि "बसला" असें म्हणतो. माझें म्हणणें एवढेंच कीं, "बसला" हा पुरावा नव्हे.

याचें कारण आट्यांत आहे. आट्यांची घराणीं तीन. इंग्लंडांतील जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं जें माप ठरविलें, त्यांत आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. लिस्टरसारख्या जुन्या विलायती ऑइल इंजिनांस हेच आटे असत. अमेरिकन आटेही इंचांतच मोजतात, पण त्यांचा कोन ६० अंशांचा. जीपचें मूळ इंजिन या घराण्यांतलें. तिसरे मिलिमीटरचे. आपल्या देशांत १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, आणि आज पेठेंतील दुकानांत बहुधा तेच बोल्ट मिळतात. कित्येक जीपगाड्यांत मागाहून प्यूजो जातीचें डिझेल इंजिन बसविलें गेलें. अशा गाडीचा सांगाडा इंचाचा आणि इंजिन मिलिमीटरचें, असा दुहेरी संसार असतो.

आतां फसगत कशी होते तें पाहा. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाच्या बोल्टास व्हिटवर्थ मापांत इंचास १२ आटे, आणि अमेरिकन जाड आट्यांच्या मापांत १३. अडीच सुती बोल्टाची जाडी ७.९४ मिलिमीटर, म्हणून ८ मिलिमीटरचा बोल्ट त्याच्या भोकांत तोंड घालतो. परंतु पहिल्याला इंचास १८ आटे, तर दुसऱ्याला वीसाहून किंचित् अधिक. दोन-तीन फेरे सुरळीत जातात, मग अडतें. तेथें लांब पाना लावून जोर केला म्हणजे पोलादी बोल्ट ओतीव लोखंडाचे आटे सोलून आंत शिरतो. हाताला वाटतें कीं बोल्ट घट्ट झाला. वस्तुतः तो घर मोडून बसलेला असतो.

हें मी ऐकीव सांगत नाहीं. सन २०१७ च्या उन्हाळ्यांत आमच्या वडिलांच्या जीपचें इंजिन बांधविलें. तेलाच्या चेंबरचे दोन बोल्ट सांपडेनात. मिस्त्री म्हणाला, "दादा, उद्यां पुण्यांतून आणूं." माझी कचेरीची रजा दुसऱ्या दिवशीं संपत होती. मींच डबा पुढें केला आणि म्हणालों, "यांतलेच घालून टाका." सुमारें तीन आठवड्यांनीं शिक्रापूरच्या अलीकडे तेलाच्या दाबाचा कांटा खालीं गेला. ते दोन्ही बोल्ट गळून पडले होते, सांध्यांतून तेल झिरपत राहिलें होतें, आणि काठी काढून तेल पाहण्याची तसदी आम्हीं घेतली नव्हती. भुजेचें बेअरिंग जळालें आणि बांधणीचा सर्व खर्च पुन्हां पदरीं आला. दोष मिस्त्रीचा नव्हता. तीस वर्षें दुसऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी बिनचूक ठेवणाऱ्या माणसानें स्वतःच्या इंजिनाची एकही नोंद ठेवली नव्हती, हा खरा दोष.

म्हणून माझी पहिली सूचना अशी कीं, उकलण्यापूर्वींच पंचनामा करावा. पुठ्ठ्यावर त्या त्या झांकणाची आकृति काढून तिच्या भोकांत जागच्या जागीं बोल्ट खोचून ठेवावे. एकाच झांकणाचे बोल्ट पुष्कळदां कमीअधिक लांबीचे असतात. कमी असलेला कोणता हें उकलण्याच्या दिवशींच कळावें, बांधण्याच्या दिवशीं नव्हे.

दुसरी सूचना अशी कीं, बदली बोल्ट चार कसोट्यांस उतरला पाहिजे: जाडी, आटे, लांबी आणि ताकद. आटे डोळ्यांनीं न मोजतां आटेमापक पात्यांनीं मोजावे. बोल्ट लांब असला तर बंद भोकाच्या तळाला टेकून ओतीव भाग तडकवितो. आंखूड असला तर दोन-तीन आट्यांवरच सारा भार येतो. बंद भोकांत तेल अगर पाणी सांचलें असेल तर तेंही आधीं पुसून काढावें, कारण तें दाबलें जात नाहीं आणि भोकच फुटतें. ताकदीची खूण डोक्यावर असते. मिलिमीटरच्या बोल्टावर ८.८ किंवा १०.९ असे आंकडे असतात. अमेरिकन बोल्टावर तीन रेघा म्हणजे मध्यम आणि सहा रेघा म्हणजे अधिक ताकद. ज्यावर कांहींच खूण नाहीं तो फाटकाला वापरावा. चकचकीत स्टेनलेस बोल्ट दिसण्यांत सुंदर, पण सामान्य जातीचा तो ८.८ च्या बोल्टाहून दुबळाच असतो.

यावर कोणी म्हणेल कीं, असा कांटेकोरपणा धरला तर गरिबाचें इंजिन कधीं उभेंच राहणार नाहीं. हा आक्षेप अंशतः खरा आहे. सर्व जागा सारख्या नसतात. पंख्याचें आवरण, पत्र्याचीं झांकणें येथें योग्य आट्यांचा कोणताही बोल्ट चालेल. हेडचे बोल्ट व स्टड एकाच जातीचे व ताकदीचे हवेत, आणि ते ठरल्या क्रमानें व ठरल्या जोरानेंच आवळावे. परंतु कनेक्टिंग रॉड आणि भुजेच्या टोप्यांचे बोल्ट डब्यांतून किंवा जुन्या बाजारांतून घेणें हा जुगार होय. तेथें त्याच इंजिनाचे नवे बोल्ट मिळेपर्यंत काम थांबवावें. उलट कांहीं हौशी मंडळी मूळ कारखान्याचा शिक्का असलेल्या बोल्टासाठीं महिनेच्या महिने अडून बसतात, तेंही मला पटत नाहीं. बोल्टाचें कुळ पाहूं नये, माप व ताकद पाहावी.

भोकाचेच आटे गेले असतील तर जाड बोल्ट ठोकूं नये. भोक नीट पाडून त्यांत तारेचे नवे आटे बसवितां येतात व मूळ मापाचाच बोल्ट पुन्हां चालतो.

शेवटीं आपल्या संस्थेस एक विनंति आहे. आटेमापक पात्यांचे तिन्ही घराण्यांचे संच, एक व्हर्निअर आणि आटे साफ करण्याचे इंची टॅप एवढें सामान संस्थेच्या गोदामांत ठेवून सभासदांस नोंदवहींत सही घेऊन वापरण्यास द्यावें. एकट्यादुकट्यानें तें विकत घेणें परवडत नाहीं, आणि वर्षांतून एकदांच लागतें. सर्वांनीं मिळून घेतलें तर कोणालाच जड नाहीं. विहिरीवरचें इंजिन असो वा गोठ्यांतली जीप, ज्या दिवशीं बोल्ट कमी पडेल त्या दिवशीं डबा पुढें न करितां माप पुढें करावें. मीं तसें केलें असतें, तर वडिलांची गाडी त्या उन्हाळ्यांत दोरानें ओढीत घरीं आणावी लागली नसती.