लसीला घाबरले की रांगेत मागे पडले?



‘शिकलेली मुलेही लसीला घाबरली’ असा सूर लावणारे पत्र वाचले. करोनाकाळात आमच्या जावळी तालुक्यातली कॉलेजची मुले अडली ती भीतीपेक्षा मोबाइलपायी. १ मे २०२१ला १८ ते ४४ वयोगट खुला झाला, पण नोंदणी सुरुवातीला फक्त ऑनलाइन, कोविनवर. रेंजसाठी टेकाड गाठायचे, ओटीपी येईपर्यंत स्लॉट भरलेले! त्यातच मेच्या मध्याला तुटवड्यामुळे राज्याने या गटाचे लसीकरणच थांबवले. पुढे २० ऑक्टोबरला महाविद्यालये उघडली, ती दोन्ही डोस घेतलेल्यांसाठी. कोविशिल्डच्या डोसांत तेव्हा ८४ दिवसांचे अंतर. म्हणजे २८ जुलैनंतर पहिला डोस मिळालेला मुलगा कितीही उत्सुक असला तरी त्या दिवशी दाराबाहेरच. त्याला लसविरोधी कसे म्हणायचे?

भीती नव्हतीच, असे नाही. पाळीच्या आगेमागे पाच दिवस मुलींनी लस घेऊ नये, हा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरला. सरकारने तो खोटा ठरवला. पण मुलींनी हे विचारायचे कोणाला? अशा वेळी सभागृहातल्या व्याख्यानापेक्षा गावातली आशाताई कामी येते. पत्रलेखकांनी पोरांना बोल लावण्याआधी निदान तारखा तरी पाहाव्यात.

– एक वाचक, मेढा (ता. जावळी, जि. सातारा)