छंद दोघांचा, राबणं एकीचं

मुलगा नोकरीसाठी पुण्याला, मुलगी लग्न होऊन ठाण्याला आणि मागे अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, पेणच्या घरात उरली ती दोघंच. सासू-सासऱ्यांचं करून झालं, मुलांच्या परीक्षा आणि क्लासची धावपळ संपली. पंचवीस-तीस वर्षं ज्या निवांतपणाची वाट बघितली, तो एकदाचा मिळाला. आणि नेमकं तेव्हाच लक्षात येतं, की आपल्याला एकमेकांशी बोलायला फारसं काही नाही! त्यांच्या हातात बातम्यांचा रिमोट, हिच्या डोक्यात संध्याकाळची भाजी. मुलांचा फोन आला की तेवढ्यापुरतं दोघं एका विषयावर येतात. एरवी ‘गोळी घेतलीत का?’ आणि ‘चहा टाकतेस का?’ यापुढे गाडी सरकत नाही.

अशा वेळी नातेवाईक, डॉक्टर, मैत्रिणी सगळे एकच सल्ला देतात. दोघांनी मिळून एखादा छंद लावून घ्या. सल्ला चांगलाच आहे. दोन माणसांना रोज एकत्र काहीतरी करायला असलं की घर हलकं होतं, हे कुणीही मान्य करील. पण मैत्रिणींनो, या सल्ल्याच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही. छंद दोघांचा म्हटला, तर त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम कुणाचं?

आपल्या आसपास जरा बघा. साहेबांना मासे गरवायचा नाद. रविवारी सकाळी गळ घेऊन ते जेट्टीवर जातात, दोन तास समुद्राकडे बघत बसतात आणि चार शिंगाळी घेऊन ताजेतवाने होऊन घरी येतात. तोवर दुपारचे बारा वाजलेले. साफ करायचे कुणी? वाटण कुणी वाटायचं? आणि संध्याकाळपर्यंत मोरीतला वास घालवायचा कुणी? तरी पाहुण्यांपुढे सांगताना ‘आम्हा दोघांनाही माशांची भारी हौस’ असंच सांगितलं जातं. दुसऱ्या घरात बागेचा छंद. गुलाबाची कलमं ते आणतात, फुलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर तेच टाकतात. ते चार दिवस गावाला गेले की पाणी मात्र ही घालते आणि नसले गेले तरी बहुतेक हीच घालते. तिसऱ्या घरात माणसांची हौस. ‘आमच्याकडे सतत राबता असतो हो,’ असं म्हणताना ते सोफ्यावर असतात आणि ती गॅसजवळ.

यात कुणी दुष्ट नाही. बहुतेक घरांत हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की त्यांनाही दिसत नाही आणि आपल्यालाही दिसत नाही. आकड्यांतून मात्र ते स्वच्छ दिसतं. देशातली माणसं दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात, याची सरकारी पाहणी २०१९ मध्ये झाली. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास, बिनपगारी घरकामात घालवतात असं तिच्यात आढळलं. घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. तेही जे लावतात ते, आणि तसे होते शंभरात सव्वीस. २०२४ च्या पाहणीत बायकांची मिनिटं २८९ वर आली आणि पुरुषांचीही घटून ८८ झाली! आता या पाच तासांवर ‘दोघांचा छंद’ म्हणून आणखी एक काम येऊन बसलं, तर त्यात विरंगुळा तो कसला?

दुसरी गंमत अशी, की बाईच्या हौसेला आपल्याकडे छंद म्हणायची पद्धतच नाही. तिनं जुन्या साड्यांची गोधडी शिवली तर ते घरचं काम. मे महिन्यात आमसुलं वाळवली, आगळ काढलं, फेण्या घातल्या तर तेही काम. गणपतीची आरास, गौरीची रांगोळी, झिम्म्याची गाणी, भजनी मंडळ हे सगळं ‘बायकांचं चालतंच की’ या खात्यात जमा. त्यांनी जुनी नाणी जमवली की तो मात्र छंद होतो, त्याला कपाटात एक कप्पा मिळतो आणि त्या कप्प्याला कुणी हात लावायचा नसतो. तिचं विणकाम मात्र दिवाणावर पडलेलं असतं आणि कुणी आलं की आधी तेच उचललं जातं.

मग खरंच दोघांचा म्हणावा असा छंद असतो तरी कसा? त्यासाठी फार लांब जायला नको. अलिबागपासून दहा-बारा किलोमीटरवर आपलं किहीम आहे. सलीम अली हे नाव आज सगळ्यांना ठाऊक आहे. पण १९३० साली ते जर्मनीतून पक्षिशास्त्र शिकून परत आले तेव्हा त्यांच्या हाताला काम नव्हतं. मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी बंद झालेली होती. तेव्हा ते आणि त्यांच्या पत्नी तेहमिना किहीमला येऊन राहिले. लग्नाला बारा वर्षं झालेली, मिळकतीची शाश्वती नाही आणि नवरा पावसाळाभर सुगरण पक्ष्यांची घरटी निरखत बसलेला. त्या काळी कुठल्याही बाईनं डोक्याला हात लावला असता. तेहमिनाबाई इंग्लंडात वाढलेल्या, शिकलेल्या. पण त्या या आडवाटेच्या जगण्यात नुसत्या सोबत राहिल्या नाहीत, तर पुढे हैदराबाद संस्थान आणि त्रावणकोर-कोचीनच्या पक्षी-पाहणीत नवऱ्याबरोबर रानावनात, तंबूत हिंडल्या. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या अकाली गेल्या. त्यांच्या साथीचं ऋण सलीम अलींनी ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या आत्मचरित्रात मोकळेपणानं मानलं आहे. तरीही किहीमचं नाव निघालं की आपल्याला ते एकटेच आठवतात. तंबूतल्या जोडीतलं दुसरं नाव आपल्यापैकी किती जणींना माहीत होतं?

आणि ज्या पक्ष्याचा त्यांनी किहीमला अभ्यास केला, त्याची कहाणी तर ऐकण्यासारखी आहे. ते सुंदर लोंबतं घरटं नर विणतो. अर्धं विणून झालं की पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून तपासते, पसंत पडलं तरच राहते. मग तो उरलेलं घरटं पुरं करतो आणि शेजारी नवं घरटं बांधायला घेतो, दुसरीसाठी! अंडी उबवणं आणि पिलांना भरवणं बहुतेक सगळं पहिलीच्या गळ्यात. विणणारा नर असूनही आपण त्या पक्ष्याला नाव दिलं ‘सुगरण’. बाईला कौतुकाचं नाव द्यायचं आणि पिलं तिच्यावर सोडायची, ही रीत आपण पाखरांनाही लावली म्हणायची!

आता दुसरी जोडी, सगळ्या महाराष्ट्राची लाडकी. सुनीताबाई आणि पु. ल. देशपांडे. १२ जून १९४६ ला रत्नागिरीला त्यांचं लग्न झालं आणि बरोबर चोपन्न वर्षांनी, १२ जून २००० ला, पु. ल. गेले. या दोघांना बांधणारी एक गोष्ट होती कविता. बा. भ. बोरकरांच्या, मर्ढेकरांच्या कविता दोघांनी लोकांपुढे बसून वाचल्या, मोठमोठी सभागृहं भरून वाचल्या. त्या कार्यक्रमात सुनीताबाई चहापाण्याची व्यवस्था बघायला नव्हत्या. शेजारी बसून, तितक्याच ताकदीनं, त्या स्वतः कविता म्हणत होत्या. शेकडो कविता त्यांना तोंडपाठ होत्या. तेवढ्या वेळात ‘मोठ्या माणसाची बायको’ हे नातं बाजूला पडत असे आणि कवितेवर सारखंच प्रेम करणारी दोन माणसं समोर दिसत.

पण हेही विसरू नका, की याच सुनीताबाईंनी १९९० मध्ये ‘आहे मनोहर तरी’ लिहिलं. घरचे व्यवहार, हिशेब, माणसं सांभाळणं, नवऱ्याचा वेळ राखणं यात आपल्या वाट्याला काय आलं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. केवढी खळबळ उडाली होती तेव्हा! काहींना वाटलं, पु. लं.बद्दल असं लिहावंच कसं? आम्हाला त्या पुस्तकात आणि त्या कवितावाचनात विसंगती दिसत नाही. एकत्र छंद असला म्हणजे संसारातले बाकीचे हिशेब आपोआप मिटत नाहीत. पण निदान एक जागा अशी मिळते, जिथे दोघं बरोबरीनं बसतात. आणि अशी एक जागा असली, की मनातलं बोलायचंही धैर्य येतं.

मग आपल्यासारख्यांनी काय करायचं? आपल्याकडे ना सभागृह, ना तंबू. पण आपल्याकडे पोपटी आहे! थंडी पडली आणि शेतात वालाच्या शेंगा भरल्या, की रायगडात कुणाच्या तरी अंगणात मडकं चढतंच. भांबुर्डीचा पाला, शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन. तेल नाही, पाणी नाही. मडकं पालथं घालायचं, भोवती गवत-लाकडं रचायची आणि अर्धा तास जाळ करायचा. वरून पाण्याचे थेंब शिंपडून चुर्र वाजलं की झालं. पोपटी लावायला पुरुष हौसेनं पुढे येतात. पाला गोळा करतात, मडकं भरतात, जाळ सांभाळतात. बायका खुर्ची टाकून बसलेल्या, हे दृश्य वर्षातून इथेच दिसतं. (चिकनला मसाला दुपारीच कुणी लावून ठेवला, हे विचारायचं नाही!) म्हणजे पुरुषांना जमत नाही असं नाही. काम ओट्यावरून अंगणात आलं, त्याला हौसेचं नाव मिळालं, की सगळं जमतं. मग तेच हात एखाद्या रविवारी ओट्यापाशीही का येऊ नयेत?

छंद निवडताना शक्यतो दोघांनाही नवा असेल तो घ्या. एकाला सगळं येतं आणि दुसरा शिकतो, अशी जोडी लवकर मास्तर-विद्यार्थी होऊन बसते. हिवाळ्यात आक्षीच्या किनाऱ्यावर कुरव आणि सुरय पक्षी उतरतात. रोजचं फिरणं तिकडे वळवा, दोघांत मिळून एक दुर्बीण घ्या आणि दिसलेल्या पक्ष्यांची नावं वहीत लिहा, एक दिवस त्यांनी, एक दिवस तुम्ही. गावच्या वाचनालयातून एकच पुस्तक आणा आणि रात्री दहा-दहा पानं मोठ्यानं वाचा. एकजण वाचत असेल तेव्हा दुसऱ्यानं शेंगा सोलाव्यात किंवा कपड्यांच्या घड्या घालाव्यात, आणि पाळी बदलली की कामही बदलावं. यातल्या कशालाही फार खर्च नाही.

ज्यांची वाडी आहे, त्यांना तर वेगळं शोधायलाच नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, हे ठाऊक असूनही साठी ओलांडलेल्या जोडप्यांनी पुन्हा रोपं लावली. अशी वाट दोघांनी मिळून बघायची, तर निर्णयही दोघांचा हवा. कोणतं रोप कुठे लावायचं, मिरीचा वेल कोणत्या माडावर चढवायचा, हे तिलाही विचारलं गेलं पाहिजे. सुपारी सोलायला तेवढी ती, असं नको.

आणि मैत्रिणींनो, थोडं आपल्याकडेही. ते हौसेनं मासे साफ करायला बसले, की ‘द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं’ असं आपणच म्हणतो. खवलं चार ठिकाणी उडाली तर उडू देत. कांदा जाड चिरला गेला तरी रस्सा होतोच. पहिल्या महिनाभर घराची थोडी अडचण सोसली, तर पुढची वीस वर्षं सोपी जातील. तसंच, सगळेच छंद दोघांचे असायला हवेत असंही काही नाही. तुमचं भजनी मंडळ तुमचं, त्यांचा कट्टा त्यांचा. त्या दिवशी त्यांनी आपलं जेवण आपण वाढून घ्यावं, एवढं मात्र ठरवून टाका.

लग्नाच्या तिसाव्या वर्षी वाटणी मागायला लाज वाटते, हे आम्ही समजू शकतो. इतकी वर्षं केलं, आता कशाला बोलायचं, असं वाटतं. पण आजचं आयुर्मान बघता, त्या घरात दोघांनी मिळून अजून पंधरा-वीस वर्षं काढायची आहेत. ती एकानं मजेत आणि एकीनं दमून काढण्यात काय अर्थ आहे? येत्या रविवारी गळ घेऊन ते निघाले, की तुम्हीही चप्पल घाला आणि बरोबर जा. दोन तास तुम्हीही समुद्राकडे बघत बसा. आल्यावर मासे दोघांनी मिळून साफ करा. एकाच विळीवर जमत नसेल, तर घरात दुसरी विळी आणा.