नाक घरी ठेवून या

रत्नागिरीला येणाऱ्या पाहुण्यांबद्दल माझी तक्रार एकच आहे : ते येताना नाक बरोबर आणतात.

परवा माझा धाकटा मेहुणा पुण्याहून आला. पहिल्या दिवशी थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या त्या राजाला इंग्रजांनी 1886 साली इथं आणून डांबलं, राजवाडा बांधून व्हायला 1910 उजाडलं आणि 1916 साली तो इथंच वारला, हे ऐकून मेहुण्याचा गळा दाटून आला. राजासाठी त्याने सढळ हाताने उसासे टाकले.

दुसऱ्या दिवशी मिरकरवाडा बंदर. होड्यांतून टोपल्या उतरत होत्या, बर्फ फुटत होता, लिलावाचा कल्ला चालला होता. पाहुण्याने रुमाल काढून नाक दाबलं.

"भावोजी, हे बंदर जरा गावाबाहेर हलवता नाही का येणार?"

आता बोला! अरे बाबा, या गावात पूर्वी माणूस यायचा तो दर्यातून. तुझा लाडका थिबासुद्धा आगबोटीनेच आला. आगगाडी यायला पुढे शंभरेक वर्षं लागली. पण इतिहास म्हटला की या मंडळींना मेलेला राजा लागतो. रात्रभर जाळं ओढून आलेला खारवी किंवा दालदी समोर उभा राहिला की यांना वास येतो.

आणि हाच गृहस्थ जुलैत फोन करून विचारतो, "ताजी सुरमई मिळेल ना?" 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, विणीचे दिवस असतात. मासळीनेही बाळंतपणाची रजा घेऊ नये की काय?

असो. सुरमई दिसताच त्याने सांगितलेल्या भावाच्या निम्म्याने मागितली. डिझेल, बर्फ, जाळ्याची डागडुजी, वादळात रिकामी परतलेली होडी, हे सगळं त्याच्या मते मासेवालीनं पदरचं घालायचं. बाईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधी नाक सोडा, भाऊ. एका हातात पिशवी, एक हात नाकावर. पैसे कुठच्या हातान देणार?"

पैसे मी दिले. पुरे दिले.

रात्री तळलेल्या सहा तुकड्या संपवून, हात धुऊन आल्यावर मेहुणा झोपाळ्यावर बसला आणि डोळे मिटून बोटं हुंगत म्हणाला, "भावोजी, वास अजून गेला नाही हो! वा!"