तांबी फसली, दोष कोणाचा?



तांबी बसविलेली असताना एखाद्या भगिनीस दिवस गेले, तर घरात पहिला प्रश्न कोणता निघतो? तिची प्रकृती कशी आहे, हे क्वचितच कोणी विचारतो. “तांबी असताना हे झाले कसे?” हेच सर्वांच्या तोंडी असते. प्रश्न वरून साधा दिसतो. परंतु त्याच्या पोटात संशय दडलेला असतो. गडचांदूरसारख्या गावी, जेथे कोणाचा नवरा सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर असतो, तर कोणाचा कामासाठी महिनोन्महिने परगावी राहतो, तेथे हा संशय वाऱ्यासारखा पसरतो. सासू बोलते, शेजारीण कुजबुजते, आणि नवरा मुकाट्याने दिवस मोजू लागतो. एका निरपराध स्त्रीवर आपल्याच घरात खटला उभा राहतो. त्या खटल्यात तिची बाजू मांडणारा कोणीतरी हवा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वस्तुस्थिती पाहा. तांबी म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेले प्लॅस्टिकचे छोटे साधन. गर्भाशयातील तांब्यामुळे पुरुषबीज निकामी होते आणि गर्भ राहत नाही. सरकारी दवाखान्यांत बसविण्यात येणाऱ्या तांब्यांपैकी ३८० ए ही १० वर्षे, तर ३७५ ही ५ वर्षे चालते. साधन उत्तम आहे यात शंका नाही. परंतु ते अचूक आहे असे कोणत्याही वैद्याने म्हटलेले नाही. तांबी बसविलेल्या हजार स्त्रियांपैकी सहा ते आठ जणींना पहिल्याच वर्षी दिवस जातात. कधी तांबी जागेवरून सरकते, कधी नकळत पडून जाते, कधी तिची मुदत संपलेली असते, आणि कधी ती जागच्या जागी असूनही गर्भ राहतो. हजारांतील त्या सहा-आठ जणींनी कोणते पाप केले? साधन फसले, स्त्री फसवी ठरत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. विवाह कायम असताना जन्मलेले मूल हे त्या पतीचेच औरस अपत्य होय, असे कायदा मानतो. गर्भधारणा होऊ शकली असती त्या काळात पतिपत्नींचा परस्परांशी संबंध येणेच शक्य नव्हते, असे सिद्ध झाले तरच हे गृहीत ढळते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११२ व्या कलमातील हा नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या ११६ व्या कलमात आला आहे. “तांबी होती” हा काही त्या मुलाविरुद्धचा पुरावा नव्हे. उलट, पत्नीच्या चारित्र्यावर निराधार आरोप करणे ही मानसिक क्रूरता होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ठरविले आहे. तोंडातून शब्द काढण्यापूर्वी प्रत्येक नवऱ्याने हे ध्यानी घ्यावे.

गर्भ ठेवावा की न ठेवावा, हा यापुढचा प्रश्न. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने संततिनियमनाचे साधन फसल्याची दखल आरंभापासूनच घेतली आहे. अशा गर्भामुळे होणारा मनस्ताप हा स्त्रीच्या मानसिक आरोग्यास गंभीर इजा करणारा आहे, असे मानण्यास त्या कायद्याने मुभा दिली. पूर्वी ही सवलत विवाहित स्त्रीपुरती होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती कोणत्याही स्त्रीला लागू झाली. या कारणासाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. संमती लागते ती फक्त त्या स्त्रीची. ती सज्ञान असेल व मानसिकदृष्ट्या आजारी नसेल, तर नवऱ्याची सही कायद्याने कोठेही मागितलेली नाही. जो दवाखाना ती सही मागतो, तो कायद्याबाहेरची अट घालतो. तिचे नाव अधिकार नसलेल्यास सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मूल ठेवण्याचा हक्कही तितकाच तिचा आहे. “पाडून टाक” म्हणून तिच्यावर कोणालाही बळजबरी करता येत नाही.

हा विचार आपणांस परका नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा समाजाने त्यांची कुचेष्टा केली. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या वतीने श्री. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. मूल व्हावे की न व्हावे हे सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून असावे, अशी त्या भाषणाची भूमिका होती. ठरावाच्या बाजूने ११ मते पडली, विरुद्ध ५२. त्या दिवशी हरलेला विचार आज कायद्यात बसला आहे. तो आपल्या स्वयंपाकघरात कधी बसणार?

भगिनींनो, आता तुमच्यासाठी चार शब्द. तांबी असताना पाळी चुकली तर घरच्यांच्या भयाने गप्प बसू नका. तांबी असताना राहिलेला गर्भ नळीत असण्याचा धोका एरवीपेक्षा अधिक असतो. ओटीपोटात एका बाजूस तीव्र कळ, रक्तस्राव, घेरी ही लक्षणे दिसली, तर जिवावरचा प्रसंग समजून त्याच क्षणी रुग्णालय गाठा. एरवीही तपासणी व सोनोग्राफी लवकर करून घ्या. गावी सोय नसेल तर चंद्रपूर गाठा. मूल हवे असेल व धागा दिसत असेल, तर डॉक्टर तांबी लवकर काढतात. ती तशीच राहू दिल्यास गर्भ पडण्याचा, अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. धागा स्वतः ओढू नका. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका.

आणि वेळ दवडू नका. २०२३ साली दोन मुलांची एक विवाहित माता सर्वोच्च न्यायालयात गेली. अंगावर पाजत असल्याने पाळी नव्हती, म्हणून दिवस गेल्याचे तिला उशिरा कळले. गर्भ २६ आठवड्यांचा झाला होता. न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०२३ रोजी तिला परवानगी नाकारली. कायदा हक्क देतो, पण तो कालमर्यादेसह देतो. घरातल्या भांडणात गेलेले आठवडे कोणतेही न्यायालय परत देत नाही.

नुकसानभरपाईबाबतही स्पष्ट सांगतो. २००५ साली शस्त्रक्रियेनंतर गर्भ राहिलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, केवळ उपाय फसला म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. तोच न्याय तांबीसही लागू पडावा. म्हणून तांबी बसविल्याचे कार्ड, तिचा प्रकार व तारीख जपून ठेवा.

बंधूंनो, जो नियम डॉक्टरला, तोच घरातल्या स्त्रीला लावा. पुराव्यावाचून डॉक्टरलाही दोषी न ठरविणारा कायदा तुमच्या पत्नीला दोषी कसा ठरवील? तिला प्रश्न विचारायचाच असेल तर एकच विचारा: “दवाखान्यात केव्हा जायचे?” आणि तिच्याबरोबर जा.