थंडीआधीची लस

फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना लशीचे घटक वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, सुचवते. बी-यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर खात्रीने आढळलेला नाही, त्यामुळे आता त्रिघटकी लस पुरेशी ठरते. टोचल्यावर संरक्षण मिळायला सुमारे दोन आठवडे लागतात.

कडेगाव तालुक्यात थंडीच्या तोंडावरच वांगीच्या सोनहिरा कारखान्याचा गळीत हंगाम येतो. ऊसतोड मजुरांची कुटुंबे कोप्यांत दाटीने राहतात. एकाचा खोकला घरभर होतो. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि दमेकरी यांना धोका जास्त. लस २ ते ८ अंशांतच टिकते, गोठली तर निकामी होते. गावच्या डॉक्टरांनी दिवाळीआधीच लस मागवावी आणि कोप्यांपर्यंतही पोहोचवावी.