दारातली थोरली

आमच्या घरात माझ्याहून मानाने मोठी अशी एक थोरली आहे. मी २००२ साली लग्न होऊन नाशिकला आले, तेव्हा ती अकरा वर्षं दारात ठाण मांडून होती. सासऱ्यांनी १९९१ मध्ये सरकारी लिलावात घेतलेली, १९८६ सालची डिझेल जीप.

जीप म्हटलं की पुरुषांचे डोळे चमकतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेली ही गाडी १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली आणि पुढे ती पोलीस, वनखातं, तहसील कचेरी, सगळीकडे दिसू लागली. आलेल्या पाहुण्याला आमचे ‘हे’ चहाच्या आधी हा इतिहास पाजतात!

मला मात्र आधी दिसला तो त्रास. साडी सावरत तिच्यात चढायचं म्हणजे कसरतच. कमानपाटे इतके कडक की खड्ड्याखड्ड्याला कंबर बोलते. पावसात टपाचं कापड गळतं, स्टिअरिंग वळवताना दंड भरून येतात. एअरबॅग वगैरेचं तर नावच नको. डिझेल पिते ते लिटरला दहा-अकरा किलोमीटरच्या हिशेबाने. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, गाडीची तपासणी, वर पर्यावरण कर. मोटारीच्या नूतनीकरणाची फीच २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली. महिन्याचा हिशेब लिहिणाऱ्या बाईला विचारा, हौस म्हणजे काय ते!

मग बचत गटांच्या कामासाठी त्र्यंबक तालुक्यातल्या पाड्यांवर माझं जाणं-येणं सुरू झालं. एसटी फाट्यापर्यंत, पुढे सगळा चिखल. शेवटी अडतिसाव्या वर्षी मी जीप शिकले. गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो आणि गाडी गुरगुरत चिखलातून वर येते. कुणाची वाट न बघता, कुणाला ‘सोडता का?’ न विचारता आपण आपलं जायचं, हा आनंद मला त्या गाडीने दिला. पाड्यावरच्या बाया म्हणायच्या, “ताईची गाडी कुठं बी जाते!” मलाही ते खरं वाटायला लागलं.

२०१९ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी बैठक संपता संपता पाड्यावरच्या एका मुलीला कळा सुरू झाल्या. आशाताईंनी १०८ ला फोन केला, पण खालचा रस्ता वाहून गेलेला, रुग्णवाहिका फाट्यापर्यंतच येणार होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऐटीत किल्ली फिरवली. गाडी सुरूच होईना!

डिझेलच्या पाइपातून हवा आत गेली होती. गॅरेजवाल्या दादांनी एकदा शिकवलं होतं, म्हणून बॅटरीच्या उजेडात हातपंप दाबून दाबून हवा काढली. पंचवीस मिनिटं गेली. आत ती पोर कण्हत होती. शेवटी गाडी सुरू झाली, आम्ही फाटा गाठला, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण ती पंचवीस मिनिटं आजही माझा पिच्छा सोडत नाहीत. कारण पाइप चिरलाय, हे मला दोन महिने ठाऊक होतं. “जुनी गाडी आहे, चालायचंच,” म्हणून मी ते टाळलं होतं. त्याच दोन महिन्यांत आम्ही तिला नवा रंग मात्र दिला होता! रंगाला पैसे होते, दोनशे रुपयांच्या पाइपाला नव्हते.

मैत्रिणींनो, जुनी गाडी जपावी की नाही, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, जपा. पण घरातलं म्हातारं माणूस जपतो तशी. त्याला नवे कपडे घालून फोटो काढले म्हणजे जपणं झालं नाही, औषधपाणी वेळेवर हवं. तेवढं जमत नसेल, किंवा ती धूर ओकत असेल, तर माया बाजूला ठेवून तिला निरोप द्यावा. आपली हौस दुसऱ्याच्या फुप्फुसावर आणि जिवावर नको.

आमची थोरली अजून दारात आहे. पाड्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी मी तिचे पाइप, ब्रेक, बॅटरी तपासते. मगच साडी खोचून वर चढते.